मी कापलेली थाळी

माझ्या दुकानात येणारा माणूस ‘फोटो काढायचाय’ असं म्हणतच नाही. ‘गोरा काढा,’ असं म्हणतो. मोखाड्यात एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून जीप भरभरून येतात आणि त्यातली निदान एक जीप माझ्याकडे गोरी व्हायला येते. उन्हापावसात भाताची आवणी करून, दगड फोडून, रस्त्यावर डांबर ओतून रापलेली माणसं. मी स्वतः तव्याच्या बुडाइतका काळा. म्हणजे गिऱ्हाईक काळं, फोटोग्राफर काळा, आणि कागदावर मात्र सगळे दुधात बुडवून काढलेले. याचा मला किती वैताग येतो हे मी पंधरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, कारण पोट त्याच्यावरच चालतं.

हात इतका बसलाय की डोळे मिटूनही जमेल. चेहरा उजळायचा, कातडी गुळगुळीत करायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, गाल जरा भरायचे. पोलीस भरतीच्या फॉर्मसाठी पोरं टी-शर्टवर येतात, त्यांना कोट चढवायचा. कोट एकच आहे, निळा. कधीतरी एक बँकवाले साहेब फोटो काढायला आले होते, त्यांच्या अंगावरून तो मी अलगद कापून ठेवला. तेव्हापासून तालुक्यातली निम्मी तरुण मंडळी सरकारदरबारी त्याच एका कोटात बसलेली आहेत. त्या साहेबांचे खांदे जरा उतरते होते. आमच्या भागातल्या पोरांचे खांदे जन्मजात उतरते असतात असा कुणाचा समज झाला असेल, तर त्याला जबाबदार मी.

एकदा मी बंड करून पाहिलं. एका लग्नाचा अल्बम कॅमेऱ्यात आला तसाच छापून दिला. नवरी सावळी, तुकतुकीत, कानामागे हळद राहिलेली. इतका चांगला चेहरा माझ्या दुकानातून कधी बाहेर पडला नव्हता असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी नवरीसकट सगळं वऱ्हाड दुकानात. ‘ही कोनची?’ नवरीच्या मामाने विचारलं. नवरी रडायलाच लागली. मग मी सगळा अल्बम पुन्हा बसवला, तिला गोरी केली, मागे गुलाबाची बाग लावली, आणि ती डोळे पुसून हसली. त्या हसण्याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. राग तिच्यावर नव्हता. कुणावर होता ते धड सांगता येत नाही, म्हणून तो जास्त त्रास देतो.

माझी मोठी बहीण माझ्या या धंद्याची यथेच्छ टिंगल करायची. ती पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका. आई-बाप नागलीच्या शेतावर असायचे तेव्हा मला कडेवर घेऊन हिंडलेली, त्यामुळे मला काहीही बोलायचा तिला परवाना आहे. ‘तुझे दुकानात साबन नाय, पानी नाय, तरी सगली धुवून निंगतात,’ ती म्हणायची. आम्ही मोठ्या बहिणीला बाय म्हणतो. ‘बाय, गिऱ्हाइकाला पायजे ते द्यावं लागतं,’ असं मी म्हटलं की ती हात उडवून आपल्या कामाला लागायची.

तिचं काम मात्र काटेकोर. दर महिन्याला अंगणवाडीच्या आढ्याला वजनकाटा टांगायचा, एकेका पोराला झोळीत बसवायचं, पोर लाथा झाडायचं थांबेपर्यंत धीर धरायचा आणि काटा जिथे थांबेल ते रजिस्टरात लिहायचं. वयाच्या मानाने वजन ठीक असलं की तक्त्यावरचा ठिपका हिरव्या पट्ट्यात पडतो, कमी असलं की पिवळ्यात, फारच कमी असलं की लालात. वरच्या लोकांना हिरवे ठिपके आवडतात. हिने लाल ठिपका लालातच टाकला म्हणून मीटिंगमध्ये दोनदा तिला उभं करून बोलणी बसलेली आहेत. घरी येऊन ती म्हणाली होती, ‘काटा खोटा बोलत नाय, मी काहा बोलू?’ अठरा वर्षं तिने ही नोकरी अशी केली. नवरा गेल्यापासून तिचं घरही त्याच नोकरीवर उभं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शहरातून एक फोटोग्राफर बाई आल्या. आमच्याकडे कॅमेरेवाल्यांचं अप्रूप नाही. बोहाड्याच्या नाचातले मुखवटे टिपायला येतात, धबधब्याला येतात, आणि कुपोषण टिपायला तर येतातच येतात. या बाई कुपोषणवाल्या. कुठल्याशा संस्थेसाठी त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं. वागायला साध्या होत्या. घरात शिरण्याआधी चपला काढायच्या, विचारल्याशिवाय कॅमेरा उचलायच्या नाहीत. वाट दाखवायला आणि आमची बोली समजावून सांगायला मी दोन दिवस त्यांच्याबरोबर फिरलो. बहिणीच्या अंगणवाडीतही त्यांना मीच घेऊन गेलो.

तिथे त्या दिवशी लसीकरण होतं. नुकतीच सुई टोचून घेतलेली तीनेक वर्षांची एक पोरगी उंबऱ्यावर बसली होती. लाल झगा, चप्प तेल लावलेले केस, रडून काजळ गालावर उतरलेलं, खालचा ओठ पुढे काढलेला. मांडीवर थाळी, आणि थाळीत शिगोशीग खिचडी. मागे वजनकाटा लोंबत होता आणि कुडाच्या भिंतीवर भोपळ्याचा वेल चढला होता. पोरगी एक हुंदका द्यायची आणि एक घास घ्यायची. तिचा राग सुईवर होता, खिचडीवर नव्हता. बाईंनी तिचे पाच-सहा फोटो काढले. बहीण आतून ओरडली, ‘ती ठीक आहे हां, हिरव्यात आहे! सुई टोचली म्हनून रडते!’ बाई हसून ‘हो हो’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुक्कामाच्या जागी वीज गेली. माझ्याकडे इन्व्हर्टर, म्हणून दुपारी त्या दुकानात आल्या. मी तेव्हा एका नवरदेवाचे गाल उजळत होतो. त्या मागे उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हात छान आहे तुमचा.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी जाणकार माझं काम बघतोय, आणि काम काय, तर नवरदेवाचे गाल! मग त्यांनी उंबऱ्यावरच्या पोरीचा फोटो माझ्या कॉम्प्युटरवर घेतला आणि विचारलं, ‘याचं तुम्ही काय कराल? फक्त गोरं नाही करायचं.’

गोरं नाही करायचं! हे ऐकायला माझे कान पंधरा वर्षं आसुसले होते. मी खुर्ची पुढे ओढली.

आधी रंग काढून टाकले. लाल झगा गेला, वेल गेला, उरलं नुसतं काळं आणि करडं. मग चौकट आवळली. बाई म्हणाल्या, ‘नजर चेहऱ्यावर राहायला हवी. खालचं ताट फार डोळ्यात येतंय.’ मी खालची बाजू कापली. थाळी गेली. तोंडाकडे निघालेला हात राहिला, पण आता तो रिकामा दिसायला लागला. मागचा काटाही गेला. मग मी माझं रोजचं काम उलटं केलं. रोज जिथे उजेड भरतो तिथे सावली भरली. गालांखाली, डोळ्यांभोवती, झग्याच्या गळ्यातून दिसणाऱ्या हाडाच्या खळगीत. काजळाचा ओघळ आणखी गडद केला. ओठांवर खिचडीच्या तेलाची चमक होती, ती पुसली. अर्ध्या तासाने पडद्यावरून एक उपाशी पोर माझ्याकडे बघत होतं. आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी कलाकार होतो. पोरगी हिरव्यात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. फोटो बघणाऱ्याला ते ठाऊक नसणार, एवढी साधी गोष्ट मात्र माझ्या टाळक्यात शिरली नाही. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाई तो फोटो घेऊन गेल्या. काम माझ्या कॉम्प्युटरवर केल्यामुळे मूळ फोटोची एक प्रत माझ्याकडे राहिली. दिवाळी झाली आणि दर वर्षीप्रमाणे पाड्यावरची बिनजमिनीची घरं कुलपं लावून वीटभट्ट्यांवर गेली. त्या पोरीचं घरही गेलं, भिवंडीकडे कुठेतरी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो फोटो आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन धडकला. वर मोठ्या अक्षरांत ‘भूक’, आणि खाली तालुक्याचं आणि पाड्याचं नाव. ज्यांना मी गोरं करून दिलं त्याच गिऱ्हाइकांनी मला तो फॉरवर्ड केला, सोबत रडणारी तोंडं लावून. ‘बघा, आपले इथं काय हालत आहे,’ असं एकाने लिहिलं होतं. हा इसम दर आठवड्याला त्याच पाड्यावरून जीप घेऊन येतो. त्या पोरीला त्याने शंभर वेळा बघितलं असेल. त्यालाही फोटोच खरा वाटला.

आठवड्याने बहीण दुकानात आली. तिच्या हातात तालुक्याच्या बालविकास ऑफिसातून आलेलं पत्र होतं. अंगणवाडीतील बालक तीव्र कुपोषित असताना रजिस्टरात सर्वसाधारण श्रेणीत दाखवल्याबद्दल आपली सेवा समाप्त का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. तिने ते माझ्यासमोर ठेवलं आणि स्टुलावर बसली. ‘मी हिरवा लिवला कारन ती हिरव्यात होती,’ ती म्हणाली. ‘तुझे संगती आलेली ना ती बाई? तिनं कायतरी केलान फोटोला.’

आता बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. ‘माझ्याकडे मूळ फोटो आहे,’ एवढंच म्हणालो. ‘साहेबांना दाखवू. थाळी दिसते त्यात, सगळं दिसतं.’ तिचा चेहरा लगेच सैल झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या दुकानाचा तिला काही उपयोग होत होता. मी तिला चहा पाजला आणि ती गेल्यावर मूळ फोटो चांगल्या जाड कागदावर मोठा छापला. लाल झगा, काजळ, थाळी, काटा, वेल, सगळं स्वच्छ. पाकिटात घातला आणि सुटलो एकदाचे, असं समजलो.

खुलाशाच्या दिवशी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. साहेब मध्यम वयाचे, बदलून आलेले, कागदाला फार मानणारे. त्यांच्या शेजारी पर्यवेक्षिका बाई बसल्या होत्या. अंगणवाड्या तपासायचं काम त्यांचं, आणि पावसाळ्याआधी एकदा त्या बहिणीच्या पाड्यावर जाऊन आलेल्या होत्या. मी पाकिटातून फोटो काढून टेबलावर ठेवला. ‘साहेब, हा खरा फोटो. पोरगी सुईमुळे रडत होती, आणि ही थाळी बघा.’

साहेबांनी फोटो बघितला, मग पर्यवेक्षिका बाईंकडे सरकवला. ‘ही तीच मुलगी का?’

बाईंनी चष्मा वर केला, फोटो उजेडाकडे धरला. ‘मुलगी तीच आहे सर,’ त्या म्हणाल्या. ‘पण इतकी गोरी नाही ती.’

मी फोटो त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. पोरगी गोरी होती. गोरी, गुलाबी, गाल गुळगुळीत आणि भरलेले. माझ्या दुकानात छपाईला जाणारा प्रत्येक फोटो आधी उजळून, गुळगुळीत होऊन जातो. रोज तेच करायचं म्हणून मी ते सेटिंग कायमचंच लावून ठेवलेलं आहे. छापताना ते काढायचं माझ्या लक्षातच आलं नाही. छापून झाल्यावर मी फोटो निरखून बघितला होता, थाळी बघितली होती, काटा बघितला होता. चेहरा गोरा झालाय हे मात्र दिसलं नाही. पंधरा वर्षं तसेच चेहरे बघून माझे डोळेच मेले होते.

‘तुमच्या दुकानात माझ्या मुलाचा फोटो काढलाय मी,’ साहेब म्हणाले. ‘घरी कुणी ओळखला नव्हता.’ मागच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला. त्याच्या लग्नाचा अल्बमही माझाच.

‘साहेब, हे छपाईतलं आहे, मूळ फाइल तशी नाही. मी पेनड्राइव्ह आणतो.’

‘आणि पेनड्राइव्हमधलं तुम्ही केलेलं नाही कशावरून?’

आता माझा ताबा सुटला. ‘कारण तो काळा पण मीच केलाय!’ मी ओरडलो. ‘मोबाइलवर फिरतोय तो. थाळी मीच कापली, गालाला सावली मीच लावली. माझ्या दुकानात बसून केलाय!’

साहेब खुर्चीत मागे रेलले. ‘म्हणजे गोरा पण तुम्हीच केलात आणि काळा पण तुम्हीच,’ ते शांतपणे म्हणाले. ‘बहिणीची नोकरी वाचवायला भाऊ बोलतोय, ते समजतो मी. पण मी कागदावर काय लिहू?’

मी बहिणीकडे बघितलं नाही. ती माझ्या डाव्या हाताला उभी होती, आणि हे सगळं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

शेवटी साहेबांनी एक गोष्ट मान्य केली. मुलीला घेऊन या, पर्यवेक्षिकेसमोर वजन करा, काटा सांगेल तसं. तोवर रजिस्टर चौकशीत. त्यात नवी नोंद करायची तर फोटोसकट, आणि फोटोखाली काढणाऱ्याची सही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि याचाच मला जास्त संताप आला. साहेबांना शिव्या घालायला जागाच नव्हती.

तिला पाड्यावर सोडायला मीही जीपमध्ये चढलो, तर बहीण माझ्या समोरच्या बाकावर बसली. चालक गाणी लावून होता, बायका बाजारातली सुकी मासळी मांडीवर घेऊन बोलत होत्या. घाट उतरून झाल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

‘तू तिची थाली काहा कापलीस?’

चेहऱ्यावर नजर राहावी म्हणून, हे काय उत्तर आहे?

‘ती खिचडी मी शिजवली होती,’ ती म्हणाली, आणि तिचा पाडा येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

मी फोटोग्राफर बाईंना फोन केला. त्या खरोखर हादरल्या. पाड्याचं नाव टाकू नका असं त्यांनी संस्थेला बजावलं होतं म्हणे. संस्थेने परस्पर टाकलं. त्यांनी संस्थेकडून पत्र मिळवून पाठवलं. त्यात छापलं होतं, ‘सदर छायाचित्र प्रतीकात्मक आहे.’ साहेबांनी ते वाचून विचारलं, ‘कशाचं प्रतीक? कुपोषणाचंच ना?’ आणि फाइलला लावून टाकलं. कॅमेऱ्यातली अस्सल फाइल बाई शोधून पाठवणार होत्या. मग म्हणाल्या, निवडलेले फोटो सोडून बाकीचे त्या पुसून टाकतात, आणि निवडलेला ठेवला तो माझ्या हातचा. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मी फोन ठेवला, कारण पुढे काही बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

मग मी दुकान बंद करून भट्ट्या धुंडाळल्या. धूर, राख, विटांचे थर, आणि झापांची ठेंगणी खोपटी. पोरीच्या बापाचा फोन लागत नव्हता. मुकादमाने त्या माणसांना आधीच्या भट्टीवरून दुसरीकडे नेलं होतं, आणि कुठे, ते कुणी सांगेना. मी मोबाइलमधला फोटो दाखवून विचारत होतो, ‘ही पोरगी बघितली का?’ माझा काळा फोटो दाखवला तर बाया तोंड फिरवायच्या. त्यांना वाटायचं, पोर मेलंय आणि मी चौकशीला आलोय. थाळीवाला दाखवला तर म्हणायच्या, असं तेल-काजळ केलेलं पोर भट्टीवर कठं असतंय! तीन दिवस मी धुळीत फिरलो. आमच्या तालुक्यातली शेकडो पोरं बघितली. ती काही दिसली नाही.

हिवाळा असा गेला. बहीण अंगणवाडी उघडत होती, वजनं करत होती, खिचडी शिजवत होती. माझ्याशी कामापुरतं बोलायची. चौकशी टांगलेलीच होती. माझी एकच आशा होती. शिमग्याला आमची माणसं जगाच्या पाठीवर कुठेही असली तरी पाड्यावर येतात. पोरगी येईल, झोळीत बसेल, काटा हिरव्यावर थांबेल, आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील.

शिमग्याच्या आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला. ‘आली. कॅमेरा घेवून ये. मॅडम पन येतात.’ मी मोटारसायकल दामटली. मी पोचलो तेव्हा पर्यवेक्षिका बाई आलेल्या होत्या, काटा आढ्याला टांगलेला होता, आणि आई पोरीला घेऊन उंबऱ्यावर बसली होती.

मी पोरीकडे बघितलं आणि मला वाटलं, मला भास होतोय. गालांखाली सावली होती. डोळ्यांभोवती होती. हाडाच्या खळगीत होती. उंबऱ्यावर मऊ, सपाट उजेड होता, सावली पडायचं काही कारण नव्हतं.

‘तिकडं ताप आला तिला,’ आई सांगत होती. ‘मंग हगवन लागली. आमी दोगं पहाटंपासून चिखलात. मोठी पोर सांभाळायची तिला. तिकडं अंगनवाडी कठं?’

बहिणीने पोरीला झोळीत ठेवलं. पोरीने लाथा झाडल्या नाहीत, त्यामुळे काटा लगेच थांबला. बहिणीने वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. पर्यवेक्षिका बाईंनीही वाचलं आणि त्या बाहेर अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. काटा लालात होता.

मी बहिणीजवळ सरकलो. ‘बाय,’ मी हळू आवाजात म्हणालो, ‘फोटोत मी हिला जरा भरतो. कुणाला कळायचं नाही. मॅडमशी बोलून बघ, त्यांना तुझं वाईट नाय करायचं.’

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, मारतेच आता. ‘पोर भरायला पायजे,’ ती म्हणाली. ‘फोटो नाय.’ आणि रजिस्टर उघडून तिने वजन लिहिलं, नेहमीसारखं, आकडे सुटे सुटे. मग ठिपका लालात टाकला.

मी फोटो काढला. दुकानात जाऊन ते कायमचं लावलेलं सेटिंग काढलं, तीनदा तपासलं, चेहऱ्याला हात न लावता छापला. दुसऱ्या दिवशी शिमग्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरीला आणि तिच्या आईला घेऊनच ऑफिसात गेलो. नोंद झाली की वाढीव आहार सुरू होणार होता, आणि तिथूनच पोरीला जव्हारला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं.

साहेबांनी फाइलमधून माझा काळा फोटो काढला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. ‘आता कसा खरा फोटो आणलात,’ ते म्हणाले. चिडवत नव्हते. मनापासून म्हणत होते.

‘साहेब, तो दिवाळीच्या आधीचा आहे!’ मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येत नव्हता. ‘मध्ये चार महिने ती भट्टीवर होती. तिथे हिची अंगणवाडी नाही, हिची खिचडी नाही. इथे होती तोवर पोरगी चांगली होती!’

‘असेलही,’ साहेब म्हणाले. ‘पण माझ्यासमोर दोन फोटो आहेत आणि दोन्हीत एकच मूल आहे. काटाही तेच सांगतो.’ त्यांनी एक कागद पुढे केला. नव्या फोटोखाली टाइप केलं होतं, ‘सदर छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नाही.’ खाली माझ्या सहीला जागा. ‘ही सही झाली की नोंद पक्की. मुलीचा आहार आजपासून सुरू. आणि चौकशीही यावरच संपेल. सेविकेचं सेवासमाप्तीचं पत्र या आठवड्यात निघेल.’

मी पेन धरून बसलो. सही केली तर बहिणीने लिहिलेला हिरवा ठिपका खोटा ठरत होता. नाही केली तर तिने लिहिलेला लाल ठिपका कागदावर येतच नव्हता. एवढ्या वर्षांत मी हजारो खोटे फोटो छापले, आणि एकाखालीही कुणी माझी सही मागितली नव्हती.

बहीण दारात उभी होती. पोरगी तिच्या कडेवर, मान तिच्या खांद्यावर टाकून.

‘कर सही,’ ती म्हणाली. ‘जव्हारची जीप सुटंल.’

मी सही केली.